धाग्यांची जाळी, ठिपक्यांची जाळी

बारीक चौकडीचा शर्ट घातलेल्या माणसाचा मोबाइलवर फोटो काढा. दोन पावलं मागे सरका, पुन्हा काढा. आणखी दोन पावलं मागे, पुन्हा. आता ते फोटो मोठे करून शर्टाकडे निरखून पाहा. एखाद्या फोटोत तरी शर्टावर लाटा उठलेल्या दिसतील: कुठे हिरवट झाक, कुठे गुलाबी पट्टा, कुठे वळणावळणाच्या रेघा. प्रत्यक्ष शर्टावर यातलं काहीच नसतं. मग त्याच माणसाला हातकताईच्या खादीचा सदरा घालायला सांगा आणि तितक्याच अंतरांवरून फोटो काढा. लाटा बहुतेक वेळा उठतच नाहीत.

हा प्रयोग करायला रोहण्यासारखं गाव नाही. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातलं हे गाव काळ्या मातीतलं, कापसातलं. पुलगाव-आर्वी शकुंतला रेल्वे याच वाटेने जायची. ती आता बंद आहे, पण कापसासाठी म्हणून टाकलेला तो चिमुकला रूळ या मुलखाचं कापसाशी नातं किती जुनं आहे ते सांगतो. पुलगावला कापडगिरणी होती. वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं, आणि तिथे खादीचं काम आजही चालतं. बोंडापासून सदऱ्यापर्यंतचा सगळा प्रवास इथल्या माणसाला ठाऊक असतो. सदऱ्यापासून फोटोपर्यंतचा पुढचा प्रवास मात्र सहसा कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते तो पहिल्या प्रवासाइतकाच थक्क करणारा आहे.

लाटा का उठतात ते आधी पाहू. गिरणीच्या कापडात उभे-आडवे धागे काटेकोर सारख्या अंतरावर असतात. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारे ठिपकेही तसेच, उभ्या-आडव्या रांगांत, सारख्या अंतरावर. एक सुबक जाळी दुसऱ्या सुबक जाळीवर पडली की दोघींतही नसलेली तिसरीच नक्षी उमटते. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर धरून हलवले की जशा लाटा पळतात, तशीच. हाताने कातलेलं सूत कुठे जाड, कुठे बारीक. धाग्यांमधलं अंतरही कमीजास्त. त्या जाळीत शिस्त कमी, म्हणून तिची कॅमेऱ्याच्या जाळीशी टक्करही कमी. टीव्हीवर बातम्या देणाऱ्यांना बारीक रेघांचा शर्ट घालू नका असं का सांगतात, तेही यातच आलं.

मला यातली पुढची गोष्ट फार मोठी वाटते. कापड आणि डिजिटल चित्र एकाच घडणीची आहेत. दोन्ही उभ्या-आडव्या रांगांतून तयार होतात, दोन्ही लहान लहान घरं भरून पूर्ण होतात. गेल्या पन्नास वर्षांत फॅशनच्या फोटोचं जे काही झालं, ते मी या दोन जाळ्यांच्या भेटीगाठीतून वाचतो.

आता जरा आत डोकावू. फोनच्या कॅमेऱ्यामागे नखाएवढा सेन्सर असतो आणि त्यावर कोट्यवधी ठिपके. एकेका ठिपक्याची रुंदी मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कापसाच्या एका तंतूची जाडी साधारण १० ते २० मायक्रॉन. बोंडातून एक तंतू ओढून सेन्सरवर आडवा ठेवला, तर नुसत्या त्याच्या जाडीखाली दहा-पंधरा ठिपके झाकले जातील.

आणि यातल्या एकाही ठिपक्याला रंग कळत नाही! त्याला कळतो फक्त उजेड, कमी की जास्त. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर एक इवलीशी रंगीत काच बसवलेली असते: लाल, हिरवी किंवा निळी. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६ चं. निम्म्या काचा हिरव्या आणि उरलेल्यांत लाल-निळ्या समसमान, कारण आपला डोळा बारकावे प्रामुख्याने हिरव्याच्या आसपासच्या उजेडातून टिपतो. लाल काचेखालच्या ठिपक्याला हिरवा-निळा किती होता हे माहीतच नसतं. ते तो शेजाऱ्यांवरून ठरवतो. हिशेब करा: तीनपैकी एक रंग मोजलेला, दोन अंदाजाने भरलेले. तुमच्या घरातल्या लग्नाच्या डिजिटल फोटोंत नवरीच्या शालूचा जो रंग आहे, त्यातला दोन तृतीयांश भाग गणिताने काढलेला आहे. गणित इतकं चोख असतं की आपल्याला पत्ताही लागत नाही. बारीक चौकडी आली की ते गडबडतं, आणि शर्टावरचे हिरवे-गुलाबी पट्टे ही त्या गडबडीचीच खूण.

दाखवण्याचा भागही असाच. फोनवर पूर्ण पांढरा फोटो उघडा आणि पडद्यावर पाण्याचा बारीकसा थेंब टाका. थेंब भिंगाचं काम करतो आणि पांढऱ्याच्या जागी लाल, हिरवे, निळे कण चमकताना दिसतात. पांढरा रंग तिथे कुठेच नसतो.

हे सगळं सुरू झालं ते अगदीच ओबडधोबड यंत्रापासून. १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला हातात धरता येण्याजोगा डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या पुढे. चित्र काळं-पांढरं, शंभर ठिपके रुंद आणि शंभर ठिपके उंच. एक चित्र साठवायला २३ सेकंद लागायचे आणि ते साठायचं गाण्याच्या कॅसेटवर.

पण डिजिटल चित्राचा खरा पूर्वज मला सॅसनच्या टेबलावर दिसत नाही, मागावर दिसतो. कापडात धागा धाग्याला छेदतो तिथे दोनच शक्यता असतात: उभा धागा वर किंवा आडवा धागा वर. हो किंवा नाही. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जाकार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर हा हो-नाही लिहून ठेवला आणि माग त्या पुठ्ठ्यांवर चालवला. जाकार यांचं एक व्यक्तिचित्र १८३९ मध्ये रेशमात विणलं गेलं. त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. ते इतकं बारीक होतं की पाहणाऱ्यांना छापील चित्र वाटे. संगणकाचा आराखडा मांडणारे चार्ल्स बॅबेज यांनी त्याची एक प्रत मिळवली आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना ते मोठ्या कौतुकाने दाखवत. हो-नाहीच्या खुणांमधून माणसाचा चेहरा उभा राहतो हे जगाने आधी कापडावर पाहिलं.

फिल्मच्या काळात फॅशनचा फोटोग्राफर वेगळ्याच काटकसरीत जगायचा. गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांचं नाव मराठी घरांत सिनेतारकांच्या देखण्या छायाचित्रांमुळे पोचलं. लिंटास या जाहिरात कंपनीत काम केलेला हा मुंबईकर माणूस. त्यांचं ‘फेसेस’ हे पुस्तक १९९७ मध्ये आलं, आणि चेहऱ्यावर अलगद उतरणारा मऊ प्रकाश ही त्यांची ओळख झाली. तेव्हा मोठ्या चौकोनी फिल्मच्या रोलमध्ये १२ फोटो मावायचे. साडीची निरी नीट पडली की नाही, पदराचा काठ चमकला की काळवंडला, हे रोल धुऊन आल्यावर कळायचं. म्हणून बटण दाबण्याआधीच सगळं डोळ्यांनी जोखावं लागे. आता स्टुडिओत कॅमेऱ्याला वायर लावलेली असते, आणि प्रत्येक फोटो त्याच क्षणी मोठ्या पडद्यावर येतो. मेकअप करणारा, कपडे सांभाळणारा, जाहिरातवाला, मालक, सगळे तिथेच उभे राहून मत देतात. एकट्याच्या डोळ्याचं काम आता चारचौघांत होतं.

आमच्या जिल्ह्यात मात्र त्याच्याही आधीचं, सगळ्या फॅशन फोटोग्राफीला उलटं टोक असलेलं एक उदाहरण आहे. सेवाग्राममध्ये गांधीजींचे नातलग कनू गांधी यांना बापूंचे फोटो काढायची परवानगी मिळाली ती तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम पैसे देणार नाही. कॅमेरा आणि फिल्मसाठी घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले, त्यातून रोलिफ्लेक्स आला. कुटीतला अंधार, बाहेरचं वर्ध्याचं ऊन आणि मधोमध पांढरी खादी! फोटोग्राफरसाठी याहून अवघड प्रसंग नाही. खादीवर नीट उजेड धरला तर चेहरा काळवंडतो. चेहरा धरला तर खादीचा सगळा पोत पांढऱ्यात विरून जातो. कनूभाईंचे कित्येक फोटो अंधारे, हललेले आहेत, आणि तरी त्यांत माणूस जिवंत आहे.

हीच अडचण मे महिन्यातल्या दुपारच्या लग्नात आजही येते, पण आजचा फोन ती कशी सोडवतो ते ऐका. कॅमेरा उघडला की फोन आतल्या आत सारखे फोटो घेत राहतो आणि जुने टाकत राहतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा तो आधीच घेतलेल्यांपैकी काही उचलतो. म्हणजे बटण दाबण्याच्या आधीच फोटो निघालेले असतात! हे फोटो तो मुद्दाम जरा काळपट घेतो, म्हणजे पांढरं धोतर, टोपी यांचा पोत जळत नाही. मग हात हलल्याने झालेला फरक ठिपक्या-ठिपक्यांनी जुळवून ते सगळे एकावर एक रचतो. प्रत्येकातला खरखरीतपणा वेगवेगळ्या जागी असल्याने एकत्र केल्यावर तो निवळतो, आणि मग सावलीतला चेहरा उजळता येतो. काळपट फोटो एकावर एक रचण्याची ही पद्धत गूगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये तपशिलात मांडली. आज दहा-बारा हजारांच्या फोनमध्येही या जातीचं काही ना काही असतं. फ्लॅश नाही, पोझ नाही, ही कनूभाईंना घातलेली अट आता कुणालाही पाळता येईल.

रंगाच्या बाबतीत कॅमेरा अजून चकतो, आणि ते कापडावरच पकडता येतं. जांभळी साडी फोटोत निळी येते, हा अनुभव घरोघरचा. काही रंगद्रव्यं निळ्यासोबत अगदी टोकाचा गडद लाल परत पाठवतात. डोळा तो थोडा तरी टिपतो, कॅमेऱ्याच्या आतली गाळणी तो अडवते, मग उरतो निळा. मोरपंखीची तऱ्हा निराळी. साध्या पडद्याला जितके रंग दाखवता येतात त्याच्या बाहेर भरजरी मोरपंखीचा बराच भाग पडतो, म्हणून पडदा त्यातल्या त्यात जवळचा रंग दाखवून वेळ मारून नेतो. ऑनलाइन मागवलेली साडी घरी आल्यावर रंग वेगळा निघतो त्यात दरवेळी दुकानदाराची लबाडी नसते. आणि टिनोपाल घातलेला पांढराशुभ्र सदरा? टिनोपाल डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं. भर उन्हातल्या फोटोत तो सदरा शेजारच्या साध्या खादीपेक्षा निळसर दिसतो, कारण तो खरोखरच स्वतःचा थोडा उजेड देत असतो.

कापडाच्या रंगाची चूक हसून सोडता येते. कातडीच्या रंगाची सोडता येत नाही. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक प्रयोगशाळांना रंग जुळवायला एक नमुना कार्ड पाठवायची, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कांती बरोबर आली की रंग बरोबर. सावळे चेहरे चिखलासारखे आले तरी फिकीर नव्हती. पुढे सुधारणा झाली त्यात फर्निचरवाल्यांच्या आणि चॉकलेटवाल्यांच्या तक्रारींचा हात होता, कारण लाकडाच्या आणि चॉकलेटच्या तपकिरी छटा नीट येत नव्हत्या. २०२१ मध्ये गूगलने आपल्या फोनसाठी सावळ्या-काळ्या कांतीचे हजारो फोटो जमवून गणित सुधारल्याचं जाहीर केलं. यंत्र आता आपला रंग टिपायला शिकलंय. आणि नेमक्या याच वेळी आपण फोनमधली ‘ब्युटी’ची पट्टी शेवटपर्यंत सरकवून तो पुसतो. कापूस वेचून, निंदण करून उन्हाने पिकलेला चेहरा टचिंगमध्ये पांढराफटक होतो, त्यावरची एकेक रेघ पुसली जाते, आणि तोच फोटो फ्रेममध्ये जातो. हे मला मनापासून खुपतं. ज्या तंत्राला हा रंग दाखवायला सत्तर वर्षं लागली, त्याच्याकडून तो दाखवून घ्यायचा आपल्याला हक्क आहे.

चित्रात कपडे बदलण्याचा खेळ मोठ्या कंपन्यांच्या आधी तालुक्याच्या स्टुडिओंनी सुरू केला, हे कुणी फारसं लिहीत नाही. टॉमस आणि जॉन नॉल या भावांचं फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं. काही वर्षांत ते महाराष्ट्रातल्या गल्लीबोळांत पोचलं, आणि तिथल्या फोटोवाल्यांनी त्याला आपलं काम दिलं. पासपोर्ट फोटोला आलेला मुलगा टी-शर्टमध्ये असतो. फोटोवाला त्याच्या मानेखाली कोट-टाय ‘लावून’ देतो. संगणकात कोटांचा, शर्टांचा, साड्यांचा साठा तयार असतो. घरातल्या गेलेल्या आजोबांच्या एकमेव ओळखपत्रातल्या फोटोवर फेटा आणि उपरणं चढवून मोठी तसबीर करून देतात. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गल्लीतला पोरगा गॉगल-ब्लेझरमध्ये उभा असतो. अंगावर न घातलेले कपडे चित्रात घालून पाहण्याची जी सोय आज कपड्यांची ॲप देतात, तिचं गावठी रूप आपल्याकडे आधीपासून चालू होतं. फरक इतकाच की इथे कोटाची कॉलर मानेशी जुळवणारा हात माणसाचा होता, आणि ती जुळवणी पाहून फोटोवाल्याची पारख व्हायची.

आता तो हातही यंत्राला मिळाला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने ‘नॅनो बनाना’ या टोपणनावाने गाजलेलं चित्रयंत्र आणलं आणि सप्टेंबरात देशभरच्या मुलींनी आपला साधा सेल्फी देऊन त्यातून शिफॉनची साडी, केसात फूल, मावळतीचा उजेड असे जुन्या सिनेमाच्या धाटणीचे फोटो करून घेतले. ज्यासाठी एकेकाळी मुंबईचा स्टुडिओ, मेकअप, प्रकाशयोजना आणि नावाजलेला फोटोग्राफर लागायचा, ते रोहण्यातल्या ओट्यावर बसून अर्ध्या मिनिटात. त्याच वर्षी ‘व्होग’च्या अमेरिकी आवृत्तीत ‘गेस’ या कंपनीच्या जाहिरातीत झळकलेली तरुणी जगात कुठेच नव्हती. ती यंत्राने घडवलेली होती. ‘एच अँड एम’ने ३० मॉडेलांच्या डिजिटल प्रतिकृती करायचं जाहीर केलं, त्यांच्या संमतीने आणि प्रतिकृतीवर त्यांचाच हक्क ठेवून. संमतीचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ज्यांच्या फोटोंवर ही यंत्रं शिकली त्या बहुतेकांना कुणी विचारलेलं नाही.

हे यंत्र शिकतं कसं? त्याला फोटो दाखवतात, कोट्यवधी. प्रत्येक फोटोत पायरीपायरीने रंगीत ठिपक्यांचा गाळ मिसळतात, शेवटी चित्र पार बुडेपर्यंत. मग उलटी परीक्षा: या गाळातला कोणता भाग नंतर मिसळलेला आहे, ओळख. हे ओळखायला नीट शिकलेल्या यंत्रापुढे नुसता गाळ ठेवला आणि ‘साडीतली बाई’ एवढं सांगितलं की ते गाळ उपसत जातं, आणि कधीच नसलेली बाई वर येते. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी बराच वेळ दुसरा विचार करू शकलो नाही.

पण साडीवर येऊन ते अडतं. यंत्राने केलेलं साडीचं चित्र समोर घ्या आणि काठावर बोट ठेवून निघा. कमरेपासून निऱ्यांत, निऱ्यांतून मागे, मागून खांद्यावर, खांद्यावरून पदराच्या टोकापर्यंत. खऱ्या साडीत हा काठ एकच असतो, न तुटलेला. चित्रात तो बऱ्याचदा निऱ्यांपाशी हरवतो, खांद्यावर वेगळ्याच रुंदीचा होऊन उगवतो, कधी बुट्टी मध्येच बदलते. यंत्राने साड्यांचे फोटो पाहिलेत. साडी नेसलेली कधी पाहिली नाही. त्या निऱ्या एकाच लांबलचक कापडाच्या आहेत, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. नऊवारीच्या काष्ट्यापुढे तर त्याची पुरती धांदल उडते, कारण त्याने गिळलेल्या फोटोंत सिनेमाची शिफॉन उदंड आणि शेतातलं लुगडं विरळा.

दुसरी एक वाट आहे, संथ पण प्रामाणिक. संगणकात खरोखर कापड बनवायचं: हजारो बिंदू, ते एकमेकांशी जोडलेले, प्रत्येकाला वजन, ताण, वाक. डेव्हिड बॅराफ आणि अँड्र्यू विटकिन यांनी १९९८ मध्ये हे गणित वेगाने सोडवायची रीत दाखवली आणि ॲनिमेशनपटांतले कपडे झुळझुळू लागले. आज फॅशन कंपन्या कापड कापण्याआधी कपडा असाच पडद्यावर शिवून पाहतात. मात्र त्यांची बहुतेक सॉफ्टवेअरं कापलेले तुकडे जोडण्यापासून सुरू होतात. न कापलेलं, न शिवलेलं नऊ वार कापड अंगाभोवती फिरवायचं तर त्यांना क्रम सांगावा लागतो: कुठलं टोक आधी खोचायचं, गाठ कुठे, निऱ्या किती, काष्टा कुठून मागे न्यायचा. हा क्रम बायकांच्या हातात आहे आणि गावागणिक थोडा वेगळा आहे. २०१७ मध्ये ‘द सारी सिरीज’ या उपक्रमात देशभरच्या ऐंशीहून अधिक नेसणींचे लघुपट तयार झाले; असलं काम विदर्भातल्या लुगड्याचं बारकाईने व्हायला हवं, नेसणारी म्हातारी माणसं आहेत तोवर. क्रम मिळाला तरी एक गोष्ट उरते, ती घर्षणाची. सुती लुगड्याची घडी जागच्या जागी धरून राहते. रेशमी शालू सरकतो, म्हणून त्याला पिना लागतात. हा फरक संगणकाला आकड्यात द्यावा लागतो, आणि तो आकडा फोटोतून निघत नाही, कापडावर कापड घासून मोजावा लागतो.